८, १२ आणि ३९ : आमच्या घरातल्या तिघांचे दात

लेक जेवताना खालचा जबडा डावीकडे सरकवते, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूबाईंच्या. शेंगा चटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा ती चावत होती. त्या म्हणाल्या, "अगं, हिचं तोंड वाकडं चालतंय बघ." तेव्हा ती ७ वर्षांची होती. एका दातांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, दुधाचे दात आहेत, पडतील, नंतर बघू. मीही निश्चिंत झाले आणि एक वर्ष वाया गेलं. त्याची मला आजही हळहळ वाटते, कारण 'दुधाचे दात पडणारच' हे खरं असलं तरी तिचा दोष दातांत नव्हताच, तो जबड्यात होता.

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टर) मॅडमनी ते आरशात दाखवून समजावलं. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून बसायला हव्यात. तिच्या डाव्या बाजूला त्या आतून बसत होत्या. ती पाचव्या वर्षापर्यंत अंगठा चोखायची. अंगठा तोंडात असला की जीभ टाळूला लागत नाही, खाली राहते, आणि गालांचा दाब वरच्या जबड्याला आत ढकलत राहतो. त्यामुळे टाळू अरुंद झाली होती. दाढा नीट जुळत नाहीत म्हणून ती जबडा सरकवून चावत होती, आणि वाढत्या वयात असंच चालू राहिलं तर चेहऱ्याची एक बाजू वेगळी वाढू शकते. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यावरून असे दोष दिसू लागतात, म्हणून सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्यावी, असं मॅडम म्हणाल्या.

टाळूला एक्स्पान्डर, म्हणजे टाळू हळूहळू रुंद करणारं साधन, बसवला. मधे स्क्रू, आणि आमच्या हाती एक बारीकशी किल्ली. रोज रात्री जेवण झालं, दात घासले, की मी तिला मांडीवर डोकं ठेवून झोपवायची, बॅटरी तिच्या बाबांच्या हातात, आणि किल्ली पुढून मागे एक पाव फेरा. एवढ्यात टाळू सुमारे पाव मिलिमीटर रुंद होते. पहिल्या रात्री माझा हात थरथरत होता. तिला नाकाच्या मुळाशी दाब जाणवायचा, दोन-तीन मिनिटांत तो उतरायचा. बाराव्या दिवशी वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसली आणि मी घाबरून मॅडमना फोन केला. त्या खुशीत म्हणाल्या, "छान! म्हणजे टाळूच्या मधली शिवण उघडते आहे." लहानपणी वरच्या जबड्याचे डावे-उजवे भाग पक्के जुळलेले नसतात, म्हणून हे शक्य होतं. तीन-चार आठवड्यांत फिरवणं संपलं. पुढे सहा महिने तो तसाच ठेवला, मधल्या जागेत नवं हाड भरेपर्यंत. फट आपोआप मिटली. आता ती सरळ चावते. ती भाकरी मोडते तेव्हा माझं लक्ष अजून तिच्या हनुवटीकडेच असतं.

भाच्याचं वेगळं. वरचे दात खूप पुढे, खालचा जबडा मागे. असे पुढे आलेले दात पडझडीत लवकर तुटतात. सायकलवरून पडून त्याचा एक दात कोपऱ्यात तुटला, तेव्हाच नणंदबाई त्याला घेऊन गेल्या. त्याला वर-खाली दोन तुकड्यांची ट्विन ब्लॉक प्लेट मिळाली, जी तोंड मिटताना खालचा जबडा पुढे घ्यायला लावते. ती उंची झपाट्याने वाढत असतानाच उपयोगाची. १२व्या वर्षी आला म्हणून बरं झालं. वाढ पूर्ण झाल्यावर आला असता तर गोष्ट दात काढण्यावर किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेवर गेली असती.

आणि मी. माझा सुळा वर उगवलेला, खालचे दात एकावर एक. आजी म्हणायची, दातावर दात म्हणजे भाग्याचं लक्षण. मी हसताना तोंडावर हात धरायची. लेकीच्या खेपांत एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, माझं आता काही होईल का?" होईल, त्या म्हणाल्या. दात कुठल्याही वयात सरकतात, कारण दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताणाच्या बाजूला नवं तयार होतं. मात्र शिवण पक्की झालेली, लेकीसारखं टाळू रुंद करणं माझ्या वाट्याला नाही. दातांना जागा करायला चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढाव्या लागल्या. त्याआधी तीन महिने हिरड्यांचे उपचार झाले, कारण घासताना रक्त येत होतं. सुजलेल्या हिरड्यांत तारा लावल्या तर दातांचा आधारच कमी होतो.

महिन्याला सरासरी एक मिलिमीटर, असा तो हळू प्रवास. तार घट्ट केली की तीन-चार दिवस फक्त हुग्गी (गव्हाची खीर) आणि मऊ भात. गालाला घासणाऱ्या ब्रॅकेटवर (तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा) मेणाची गोळी. कडक भाकरी आमटीत भिजवून खाल्ली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत लेक ऊस सोलून खात होती आणि मी नुसती बघत उभी होते. तीळगूळही तोंडात विरघळवून खाल्ला. २६ महिन्यांनी तारा निघाल्या.

खालच्या दातांमागे आता पातळ तार चिकटवली आहे, आणि वर रात्री रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी काढता येणारी पट्टी. तो आठवडाभर लावायचा राहिला तर पुन्हा बसताना घट्ट लागतो, इतके दात जुन्या जागी जायला बघतात. लेकीची पुढची तपासणी दहाव्या वर्षी आहे. सुळे बरोबर दिशेने उतरताहेत ना, ते एक्स-रेमध्ये पाहायचं आहे. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीतली तारीख घेऊन ठेवली आहे.