आगोटीआधीचे टायर

मृग लागायच्या आधी घरोघरी आगोटीची कामं सुरू होतात. कौलं चाळायची, लाकडं पडवीत रचायची, सुकी मासळी आणि पापड डब्यांत बंद करायचे. माझ्या यादीत त्यात बाईकचे टायरही असतात, आणि ते मी मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकते. यंदा मागचा टायर बदलला. विजेची बाईक घेतल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, कुठला टायर घातलास, टिकतो का, रेंज कमी झाली का. म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

मी रत्नागिरीतल्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. मालगुंड, गणपतीपुळे, भंडारपुळे, नेवरे, मग आरे-वाऱ्याचा रस्ता धरून काळबादेवी, शिरगाव आणि रत्नागिरी. मागे नमुन्यांचा डबा असतो. पोटॅशियमच्या नमुन्याला उशीर झाला तर आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरतं. वाटेत पंक्चर काढत बसणं मला परवडत नाही, आणि वारे गावच्या उतारावर घसरणं तर त्याहून नाही.

हा रस्ता तीन गोष्टींनी निसरडा होतो. वळणांवर वाऱ्याने आलेली पुळणीची वाळू, चिऱ्याच्या गाड्यांतून सांडलेली जांभ्याची भुकटी, आणि मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी. पहिल्या सरीत हे सगळं एकत्र भिजतं. दोन-चार मोठे पाऊस पडून रस्ता धुवून निघाला की बरं असतं, पण ते पहिले दिवस वाईट. नवा टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतो, वरची साल झिजेपर्यंत नीट धरत नाही. साधारण पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार न झुकवता चालवावी लागते. हे दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर पुरे व्हावेत आणि मगच पाऊस यावा, म्हणून मे. जूनमध्ये भर पावसात नवा टायर घालून घाटात निघालेली मुलं दिसली की मला थांबवून सांगावंसं वाटतं.

विजेची गाडी टायर खाते असं सगळे म्हणतात आणि कारण म्हणून बॅटरीचं वजन सांगतात. प्रत्येक गाडीला ते लागू नाही. रिव्होल्टची विजेची आरव्ही ४०० बाजारात आली तेव्हा तिचं वजन सुमारे १०८ किलो होतं, स्प्लेंडर प्लसचं सुमारे ११२. अल्ट्राव्हायोलेटची विजेची एफ ७७ दोनशे किलोच्या आसपास जाते, तिथे वजनाचा मुद्दा खरा आहे. माझ्यासारख्या हलक्या गाडीत मात्र झीज मोटरमुळे होते. मूठ पिळली की पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मागच्या चाकावर येतो, मध्ये क्लच नाही की गिअर नाही. आणि मूठ सोडली की तीच मोटर उलट वीज बनवायला लागते, म्हणजे ब्रेक लागतो (याला रिजन म्हणतात), तोही मागच्याच चाकाला. पेट्रोलच्या गाडीत थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा टायर करतो. इथे पळवायलाही मागचा आणि रोखायलाही मागचा. त्यामुळे पुढच्यात भरपूर खाचा शिल्लक असताना मागचा मधोमध सपाट झालेला दिसतो.

दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने लगेच एक टायर पुढे केला. "ताई, हा घ्या. लाँग लाईफ आहे, मायलेजही वाढेल."

"पावसात कसा आहे?"

"पावसात काय, सगळे सारखेच."

सगळे सारखे नसतात. कमी झिजणारं कडक रबर आणि ओल्या डांबराला धरणारं मऊ रबर यांची ओढाताण प्रत्येक टायरमध्ये असते. चांगल्या टायरमध्ये सिलिका घालून ती बरीच कमी करतात, पण पूर्ण सुटत नाही. राजस्थानात राहत असते तर मी कडक टायर घेतला असता. आमच्याकडे वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो आणि रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे टायर पावसाचा घ्यावा, आणि रेंज व आयुष्य टायरमधली हवा आणि मुठीवरचा हात सांभाळून मिळवावं. किमतीत फरक असतो तो काही शे रुपयांचा. माझं या विषयातलं मत एवढंच आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

मी खाचा बघते त्या मधून निघून कडेपर्यंत गेल्या आहेत का हे. पाणी बाहेर फेकायला तीच वाट असते. दुसरा सल्ला मिळतो तो बटनवाल्या, म्हणजे रबराचे सुटे उंच ठोकळे असलेल्या टायरचा, "आपल्याकडे चिखल ना, मग." वाडीतल्या लाल पाणंदीला तो बरा, आणि ज्यांची आंब्याची कलमं डोंगरात आहेत त्यांनी जरूर घालावा. माझं जाणं-येणं बहुतेक डांबरावर. ओल्या डांबरावर बटनाचं रबर कमी टेकतं, लवकर झिजतं, आणि रेंजही खातं.

मापाबद्दल मी तडजोड करत नाही. माझ्या गाडीला पुढे ९०/८०-१७ आणि मागे १२०/८०-१७ लागतो. १२० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंची, म्हणजे ९६ मिलिमीटर, आणि १७ इंचाची रिम. पल्सर १८०लाही मागे हेच माप यायचं, त्यामुळे टायर कुठेही मिळतो, विजेच्या गाडीचा म्हणून खास मागवावा लागत नाही. गाडी भारदस्त दिसावी म्हणून पोरं १४०/७० घालतात. उंची जवळपास तीच राहते, पण प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर जास्त रबर येतं. माझ्या गाडीसारख्या, चेनऐवजी पट्ट्यावर (बेल्टवर) चालणाऱ्या गाडीत तेवढी जागा नसतेच बऱ्याचदा. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटल्यासारखा बसतो, मधोमधच टेकतो, आणि वळताना गाडी जड वाटते.

मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, ते कुणी वाचत नाही. माझ्या मागच्या टायरवर ६१ पी आहे. ६१ म्हणजे तो टायर २५७ किलो भार पेलू शकतो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढच्यावर ४६ पी, म्हणजे १७० किलो. गाडीसोबत आलेल्या टायरवर जो आकडा असेल त्याहून खालचा घेऊ नये, वरचा चालतो. जड बॅटरीच्या गाडीवर दोघं बसून भाजीचा टोप घेऊन निघणाऱ्यांनी तर हा आकडा आधी बघावा.

आणि तारीख. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. १४२५ असेल तर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. दुकानदाराने काढलेला पहिला टायर बराच जुना होता, वापरलेला नव्हता, फक्त पडून होता. रबर पडूनही कडक होतं. मी मागच्या रांगेतला काढायला लावला आणि त्याने कुरकुर न करता काढला. मागायची लाज वाटून घेऊ नये.

आता बसवण्याचं. हे थोडं सविस्तर लिहिते, कारण समुद्राकाठच्या गाड्यांना याचीच गरज आहे. जुना टायर उतरल्यावर रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर बोटाला चुन्यासारखी पांढरी पूड लागली. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम खाल्लं की ती पूड येते. ट्यूबलेस टायर या कडेला घट्ट चिकटूनच हवा धरतो. तिथे पूड असेल तर हवा बारीक बारीक सुटत राहते, आणि माणूस खिळा शोधत बसतो. मेस्त्री तसाच नवा टायर चढवायला निघाले होते. मी म्हटलं, "मेस्त्री, आधी कड घासून घ्या ना." त्यांनी बारीक पॉलिश पेपर घेतला, दोन्ही कडा गोल फिरवत घासल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, मग साबणाचं पाणी लावून टायर चढवला. व्हॉल्व्हही नवा घातला. जुन्याच्या मुळाशी रबराला चिरा होत्या. दोन-तीन रुपयांच्या रबरी टोपीसाठीही मी आग्रह धरला, कारण व्हॉल्व्हच्या तोंडात जांभ्याची धूळ गेली की हवा गळायला दुसरं कारण लागत नाही. हवा भरल्यावर साबणाचं पाणी कडेने आणि व्हॉल्व्हवर सोडून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही तेव्हा गाडी खाली घेतली.

टायरवर बाण असतो, तो चाक फिरतं त्या दिशेला हवा. उलटा बसला तर खाचा पाणी बाहेर काढायचं काम नीट करत नाहीत. आणि मागचं चाक परत लावताना एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत का ते बघायचं. चाक एक रेघभर जरी तिरकं बसलं तरी पट्टा एका कडेला घासतो आणि टायर एका बाजूने झिजतो. मेस्त्रींचा हात सवयीचा असतो चेनला, पट्ट्याच्या ताणाचं माप गाडीच्या पुस्तकात असतं, ते मी फोनमध्ये फोटो काढून ठेवलंय.

आता हवा. पेट्रोलची गाडी होती तेव्हा पेट्रोल भरलं की बाजूलाच हवा तपासली जायची, वेगळं आठवावं लागत नसे. विजेच्या गाडीवाला पंपावर जातच नाही. घरी पडवीत चार्जिंग, सकाळी वायर काढली की निघाला. हवा तपासायचा प्रसंगच उरत नाही, आणि या गाड्यांचे टायर लवकर जायचं हे मोठं कारण आहे असं माझं निरीक्षण आहे. हवा कमी असली की टायर कडांनी झिजतो, आतून तापतो, मोटरला ओढ लागते आणि रेंज उतरते. जास्त असली की फक्त मधली पट्टी झिजते आणि ओल्यात पकड जाते. म्हणून मी दर रविवारी सकाळी चार्जर काढायच्या आधी गेज लावते. पायाचा पंप तिथेच भिंतीला टेकवून ठेवलाय. मोजायची ती थंड टायरची हवा. रस्त्यावरून आल्या आल्या मोजली तर दोन-चार पीएसआय जास्तच दिसते, ती सोडून द्यायची नाही. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नये.

चालवताना सांभाळायचं म्हटलं तर मूठ. शिरगावच्या चढावर थांबून परत निघताना मूठ झटक्याने पिळली की मागे बारीक खरखर ऐकू येते, ते रबर जात असतं. हळू पिळली तर गाडी तेवढीच चढते. उतारावर गाडीचं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, आणि नेमकं त्याच वेळी मूठ एकदम सोडली तर मोटर त्याच हलक्या चाकाला धरते. कोरड्यात काही होत नाही. पावसात वारे गावच्या उतारावर मी रिजन सगळ्यात कमीवर ठेवते, मूठ टप्प्याटप्प्याने सोडते आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने धरते. चार पैशांची वीज कमी परत येते, येऊ दे. जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर जायची वेळ आली तर धक्क्याचं शेवाळ आणि बोटीचा ओला पत्रा, दोन्हीकडे मूठ स्थिर ठेवायची, ना पिळायची ना सोडायची.

विजेच्या गाडीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे टायर बोलतात ते ऐकू येतं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खाचेत अडकलेला खडा टिकटिक करतो ते लगेच कळतं. थांबून काढून टाकते, कारण तोच खडा रुतत रुतत आत जातो. टिकटिकीचा वेग चाकाबरोबर वाढत असेल तर खडा किंवा खिळा, आणि टिकटिकीऐवजी सलग घूंघूं असेल तर टायर लाटालाटांनी झिजलाय असं समजायचं. महामार्गाच्या सिमेंटच्या पट्ट्यावर मात्र हा हिशेब चालत नाही, तिथला पृष्ठभागच खरखरीत आहे. तिथे टायर झिजतोही जास्त आणि मे महिन्यात तापतोही.

खिळा घुसलाच तर खिळा ओढून काढायचा नाही, हवा टिकत असेल तोवर तसंच मेस्त्रीकडे जायचं. मधल्या भागातलं भोक दोरी घालून चालतं, माझ्या डिकीत तो संच असतो. कडेच्या भिंतीला भोक पडलं तर टायर बदलायचा, त्यावर दुसरा इलाज करू नये.

टायर कधी काढायचा याची कायद्यातली मर्यादा दुचाकीला ०.८ मिलिमीटर आहे. खाचेत खोल बारीक उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण पावसाळ्यासाठी मी तिथवर थांबत नाही. दोन मिलिमीटर उरले आणि समोर जून असेल तर बदलते. तोच टायर डिसेंबरात असता तर आणखी चालवला असता.

पुढच्या टायरच्या खाचा अजून चांगल्या आहेत, पण तो गाडीबरोबर आलेला आहे आणि कडेच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसायला लागल्यात. उन्हात उभी राहणारी गाडी आहे, रोगी बघेपर्यंत तिला अंगणातच थांबावं लागतं. खाचा शिल्लक म्हणून तो ओढत राहणार नाही. ९०/८०-१७, ४६ पी, यंदाच्या तारखेचा एक टायर त्याच दुकानात सांगून ठेवलाय, या आठवड्यात येईल.