गोरेवाड्याचं अस्वल आणि डोक्याचा खुराक

नागपूरचं ऊन डोक्यावर यायच्या आत काटोल रोडने गोरेवाडा प्राणिसंग्रहालय गाठलं. इथली भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ला सुरू झाली. बसमधल्या सगळ्यांना वाघाची घाई होती. मी मात्र अस्वलासाठी खिडकी धरून बसले होते.

ते दिसलं एका पडलेल्या लाकडापाशी. नखांनी साल सोलली, जोरात फुंकून माती उडवली आणि ओठ नळीसारखे पुढे काढून वाळवी ओढायला लागलं. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतातच, शिवाय नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात. जणू या एका कामासाठीच घडवलेलं तोंड!

शेजारच्या काकू कळवळल्या, “याले खायले देत नाही का जी? माती काहून उकरून राह्यलं बिचारं?”

ते बिचारं नव्हतं, काकू. ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये दाखवलं की, समोर वाटीत फुकटचं खाणं असतानाही बरेच उंदीर कळ दाबून खाणं मिळवतात. पुढे इतर अनेक प्राण्यांतही हेच दिसलं. पोट भरलं तरी डोक्याला काम लागतंच. ते नसेल तर काय होतं, ते पिंजऱ्यातल्या येरझारांमधून दिसतं. क्लब आणि मेसन या संशोधकांच्या २००३च्या अभ्यासानुसार मांसाहारी प्राण्यांपैकी रानात लांबलांब भटकणाऱ्यांना हा त्रास सर्वाधिक.

पण कोडं ज्याचं त्याला मानवेल असं हवं. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या कांडुला हत्तीची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. फळं उंच टांगली, खाली काठ्या ठेवल्या. काठीने फळ पाडायचा प्रयत्न त्याने केलाच नाही. हत्ती मठ्ठ, असं म्हणून विषय संपला असता. पण सोंडेत काठी धरली की हत्तीचं हुंगणं आणि चाचपणंच अडतं! २०११च्या अहवालात नोंद आहे: त्याने एक मोठा ठोकळा ढकलत आणला, त्यावर पाय ठेवला आणि फळं काढली.

अशा प्रयोगांतूनच कळतं की हत्तीला काय द्यावं आणि अस्वलाला काय. अस्वलाला मध लपवलेला, भोकं पाडलेला ओंडका द्या, तासभर रमेल. महाराजबागेसारख्या भर शहरातल्या जुन्या संग्रहालयात पिंजऱ्याला जागा कुठून वाढवणार? ओंडका मात्र उद्याही ठेवता येईल, आणि आत काय लपवायचं ते दर आठवड्याला बदलता येईल.