उपअभियंत्याच्या सहीचा अर्धा कागद

ज्या कागदानं आमचा जीव काढला तो जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. अमुक ठेकेदारांनी सदर कामाच्या जागेस समक्ष भेट देऊन पाहणी केली आहे, सबब दाखला देण्यात येत आहे. खाली उपअभियंत्याची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. बस्स. आणि निविदा सूचनेच्या शेवटाकडे, सगळ्यांचे डोळे थकल्यावर येणाऱ्या बारीक अक्षरांत ओळ: जागा पाहणी दाखला लिफाफा क्र. 1 मध्ये नसल्यास निविदा अपात्र ठरविण्यात येईल. (लिफाफा क्र. 1 म्हणजे कागदपत्रांचा, तांत्रिक; दर दुसऱ्या लिफाफ्यात असतो.)

काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं होतं. दीड किलोमीटरचा ग्रामीण मार्ग, लेखाशीर्ष 3054 (रस्ते व पूल), खडीकरण आणि वर डांबरीकरण, अंदाजपत्रक चाळीस लाखांच्या आसपास. दादा साइट बघतो, कागदपत्रं माझ्याकडे. नोंदणी, जीएसटी, पॅन, विवरणपत्रं, यंत्रसामग्रीची कागदपत्रं, हातातल्या कामांची यादी, हे सगळं फायलीत तयारच असतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डिजिटल सिग्नेचरचं मात्र आत्ताच सांगून टाकते, कारण नवे लोक तिथेच गंडतात: क्लास 3 ची घ्या, आणि सहीचं व एन्क्रिप्शनचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं यूएसबी टोकनमध्ये आहेत ना, हे घेतानाच तपासा. मुदत कधी संपते ते टोकनवर चिकटपट्टीनं लिहून ठेवा. ऐन वेळी नूतनीकरण होत नाही.

आता दाखल्याकडे येते.

जागा पाहायला माझी ना नाही. जागा न पाहता दर भरणारा ठेकेदार एक तर बुडतो नाही तर रस्ता बुडवतो. आम्ही निविदा निघाल्यावर लगेच जाऊन आलो होतो. खडीची खाण किती लांब, म्हणजे लीड किती बसेल, पाण्याचा टँकर कुठून आणायचा, काळी माती कुठून सुरू होते, हे दादा चालत चालत वहीत लिहितो. साखळी 0/900 पाशी, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून नऊशे मीटरवर, ओढ्याच्या कडेनं साइडपट्टी पार वाहून गेलेली होती आणि डांबराची कड अधांतरी लटकत होती. अंदाजपत्रकात मुरूम भरावाचं परिमाण बघितलं तर तेवढा एक खड्डाच तो सगळा गिळेल असं. हे कागदावर कळत नाही, तिथं उभं राहूनच कळतं. त्या परिमाणाचा हिशेब आमच्या दरात आला तो पाहणीमुळे. दाखल्यामुळे नाही. पाहणीत फायदा ठेकेदाराचा आहे. ती केली की नाही याला कुणाच्या सहीची गरज काय? “मी जागा पाहिली आहे, अटी मान्य आहेत” एवढं स्वयंघोषणापत्र पुरतं. बऱ्याच निविदांत तेवढंच मागतात.

उपविभागाच्या कार्यालयात गेले. बांधकाम शाखेचे भाऊसाहेब म्हणाले, “साहेब दौऱ्यावर आहेत.” पुढच्या वेळी साहेब मीटिंगला जिल्ह्याला. मग साहेब होते, पण “शाखा अभियंता तुमच्याबरोबर साइटवर आले होते का? त्यांचा शेरा लागेल.” शाखा अभियंता फोनवर म्हणाले, “मी येतो ना ताई, कळवतो तुम्हाला.” कळवलं नाही. एकदा तर भाऊसाहेबांनी प्रेमानं सुचवलं, “मॅडम, तुम्ही कशाला हेलपाटे घालता, दादांना पाठवा की.” दादांना पाठवलं. दादांना सांगितलं, साहेब आत्ताच बाहेर पडले. निविदा अल्पमुदतीची, जेमतेम आठवड्याची. त्यात एक रविवार आणि एक सुट्टी. इथं प्रत्येक “उद्या या” ला किंमत असते आणि ती समोरच्याला बरोबर माहीत असते.

याच दिवसांत संध्याकाळी एक फोन आला. नंबर अनोळखी, आवाज अगदी गोड. “ताई, तुम्ही त्या ओढ्याकडच्या रस्त्याला भरताय म्हणे. या वेळी राहू द्या ना. पुढच्याला बघू तुमचं.” मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर हसले फक्त.

आता जरा थांबून हे समजून घ्या, कारण माझा सगळा राग इथं आहे. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर, निविदा भरली की ती एन्क्रिप्ट होते. उघडायची वेळ होईपर्यंत दर तर सोडाच, कोणी कोणी भरली आहे हेही कळू नये अशी ती व्यवस्था आहे. पूर्वी निविदेचे कोरे फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावे लागत. फॉर्म कोणी नेले त्याची यादी दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर पोचायची, आणि फॉर्म नेणाऱ्याला गाठून बसवलं जायचं. ई-निविदा आली ती हेच मोडायला. आणि या अर्ध्या पानानं ती टपरीवरची यादी परत आणली. दाखला मागायला गेलात की नोंदवहीत तुमचं नाव, फर्म, मोबाइल नंबर. मुदत संपायच्या आधीच कोण कोण रिंगणात आहे हे एका टेबलाला ठाऊक. टेबलाला ठाऊक म्हणजे कोणाकोणाला ठाऊक, ते आपण सगळे जाणतो. आम्ही त्या रस्त्याला भरणार हे त्या वहीखेरीज कुठंच लिहिलेलं नव्हतं.

फोन आल्यावर दादा म्हणाला, सोडून देऊ, एका रस्त्यासाठी वैर कशाला. मी म्हटलं, आता तर भरायचीच.

त्या रात्री अर्ज लिहिला. हा अर्ज कसा लिहावा ते नीट सांगते, कारण काम त्यानंच झालं. निविदा सूचना क्रमांक, काम क्रमांक आणि कामाचं पूर्ण नाव साखळीसह. आम्ही कोणत्या तारखेला किती वाजता जागा पाहिली. जागेवरचे फोटो, अक्षांश-रेखांश आणि तारीख-वेळ फोटोवरच छापणाऱ्या अ‍ॅपनं काढलेले, सुरुवातीचा, ओढ्याचा आणि शेवटचा. दाखल्यासाठी आधी कार्यालयात येऊन गेल्याच्या तारखा. आणि शेवटी मुद्द्याचं वाक्य: दाखला मुदतीत न मिळाल्यास हे पत्र व त्याची पोच हीच पाहणीचा पुरावा म्हणून लिफाफा क्र. 1 मध्ये दाखल करू, ते ग्राह्य धरणार की नाही हे मुदतीपूर्वी लेखी कळवावे. आरोप एकही नाही. फोनचा उल्लेख नाही. तो सिद्ध करता येत नाही, आणि एकदा आरोप केला की सगळं पत्रच “तक्रारखोर” म्हणून बाजूला पडतं.

अर्ज घेऊन गेले तर आवक घ्यायला नकार. “साहेबांनी मार्क केल्याशिवाय आवक होत नाही.” असा नियम कुठंय, हे विचारण्यात मी वेळ घालवला नाही. बाहेर येऊन उपविभागाच्या आणि कार्यकारी अभियंत्यांच्या ईमेलवर पाठवला, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. स्पीड पोस्टही केलं, पावती जपून ठेवली. मग मूळ अर्ज घेऊन थेट जिल्ह्याला, कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात. तिथं आवक खिडकीवरच्या बाईंनी दोन मिनिटांत शिक्का मारून दुसरी प्रत हातात दिली. दुसरी प्रत कायम बरोबर ठेवा. शिक्क्याच्या प्रतीशिवाय तुम्ही तिथं गेलाच नव्हता असं समजा.

कार्यकारी अभियंत्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. “ग्राह्य धरणार की नाही हे लेखी कळवावे” या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. लेखी “नाही” म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, “हो” म्हणायचं तर अटच फुसकी ठरते. त्यांनी फोन उचलला आणि एवढंच म्हणाले, “यांचा दाखला का थांबलाय?” पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. मला म्हणाले, “उद्या सकाळी घ्या.”

सकाळी दाखला तयार होता. साहेबही होते. शाखा अभियंत्यांचा शेरा वगैरे कशाचीच आठवण कुणाला नव्हती. मी तो कागद तिथंच, टेबलासमोर उभं राहून, एकेक अक्षर वाचला. काम क्रमांक 7 ऐवजी 17 टाईप केलेला. चुकून झालं असेल, नसेलही. पण त्या एका आकड्यावर आमची निविदा तांत्रिक छाननीत उडाली असती. दुरुस्ती हातानं करून देत होते. मी म्हटलं, नवीन टाईप करून द्या, नाही तर दुरुस्तीवर साहेबांची छोटी सही आणि शिक्का द्या. प्रिंटर बिघडलेला होता म्हणे, म्हणून सही-शिक्का. दाखला, प्रमाणपत्र, आदेश, काहीही असो, हातात मिळाला की दाराबाहेर पडायच्या आधी वाचा.

पोर्टलवर स्पष्टीकरण मागायची सोय असते, ती आम्हाला या वेळी वापरता आली नाही कारण तिची मुदत निविदेच्या मुदतीच्या बरीच आधी संपते. अशी अट दिसली तर पहिल्याच दिवशी तिथं प्रश्न टाका: दाखल्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल का? प्रश्न नोंदला जातो, हेच पुष्कळ.

निविदा त्याच संध्याकाळी भरली. बयाणा रक्कम आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. एनईएफटीनं भरणार असाल तर कधीच शेवटच्या दिवसावर ठेवू नका, पैसे पोचून पोर्टलवर दिसायला वेळ लागतो. दरपत्रकाची एक्सेल फाइल डाउनलोड होते तिचं नाव बदलायचं नाही, नाही तर पोर्टल ती घेत नाही. स्कॅन काळ्या-पांढऱ्यात, कमी डीपीआयवर करा. सगळं चढवल्यावर निविदा फ्रीझ, म्हणजे अंतिम सादर, करायची विसरू नका, आणि पोच छापून घ्या. वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरायची, भिंतीवरच्या नाही. आणि हो, भरल्यानंतर दर बदलावासा वाटला तर मुदतीच्या आत निविदा पुन्हा सादर करता येते, पण “विथड्रॉ” चं बटण दाबू नका. एकदा मागे घेतली की त्या निविदेत परत येता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाला फोनवरून कुणी तरी “आधी विथड्रॉ कर, मग नवीन भर” असा सल्ला दिला होता. सल्ला देणारा स्पर्धकच निघाला.

दर अंदाजपत्रकापेक्षा 9.90 टक्के कमी टाकला. दादाचा हिशेब आणखी खाली जाऊ शकत होता, पण निविदेच्या अटीत दहा टक्क्यांच्या पुढं प्रत्येक टक्क्यामागे अतिरिक्त सुरक्षा रक्कम वाढत जात होती आणि तेवढा पैसा अडकवायची आमची तयारी नव्हती.

लिफाफा क्र. 1 उघडला. आमच्या दाखल्यावरच्या दुरुस्तीला हरकत आलीच. सही-शिक्का असल्यामुळे ती टिकली नाही. मग दर उघडले. चार निविदा. बाकीच्या तिघांचे दर अंदाजपत्रकाच्या जेमतेम अर्धा ते पाऊण टक्का खाली, एकाच शिंप्यानं बेतल्यासारखे. काम पहिल्यांदा निविदेला निघतं तेव्हा किमान तीन निविदा लागतात, त्या तीन त्यांच्या त्यांच्यात जमलेल्याच होत्या. चौथी आमची आली म्हणून जिल्हा परिषदेचे जवळजवळ चार लाख वाचले. मला याचा अभिमान वाटतो, आणि मी तो लपवत नाही.

कार्यारंभ आदेश रीतसर मिळाला, काम सुरू झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. साखळी 0/900 ला भराव अंदाजपत्रकापेक्षा जास्त लागला, तो आम्ही दरात धरलेलाच होता.

नंतर माहितीच्या अधिकारात या कामासाठी दिलेल्या दाखल्यांच्या नोंदवहीची प्रत मागितली. हे नंतरचंच काम आहे. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून आठवड्याच्या निविदेत त्याचा काही उपयोग नसतो. प्रत आली. तिघांचे दाखले एकाच तारखेचे, जावक क्रमांक ओळीनं एकामागून एक, आणि तारीख निविदा प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर नव्हते.

त्याच उपविभागाच्या पुढच्या निविदा सूचनेत ती ओळ जशीच्या तशी आहे. मी पोर्टलवर प्रश्न टाकलाय आणि अर्ज जिल्ह्याला आवक करून आलेय, वहीच्या प्रतीसह. कोणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर वर लिहिलेल्या क्रमानं लिहा, फक्त तारखा आणि साखळी आपापल्या घाला.