पाच लाखांवरून मंत्री गेला, आणि परत आला

मी एस्टोनियात राहतो, आणि पुण्याहून फोन आला की विषय फिरून फिरून तिथेच येतो. "तुमच्याकडे बरंय, सगळं ऑनलाइन. भ्रष्टाचाराला वावच नाही!" मी आता वाद घालत बसत नाही. सरळ क्रिस्टेन मिखाल यांची गोष्ट सांगतो.

मिखाल जुलै 2024 मध्ये एस्टोनियाचे पंतप्रधान झाले. आधीच्या पंतप्रधान काया कल्लास युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणाची धुरा सांभाळायला ब्रसेल्सला निघाल्या आणि त्यांच्या रिफॉर्म पार्टीने खुर्ची मिखाल यांच्याकडे दिली. इथवर सरळ आहे. पण हाच माणूस 2012 साली न्यायमंत्रिपदाचा राजीनामा देऊन घरी गेला होता, आणि तो किस्सा इथल्या चाळिशीच्या पुढच्या कुणालाही तोंडपाठ असतो.

22 मे 2012 ला 'पोस्टीमेएस' या इथल्या मोठ्या दैनिकात रिफॉर्म पार्टीच्याच एका माजी खासदाराचा लेख आला. सिल्व्हर मेइकार त्यांचं नाव. लेखात त्यांनी लिहिलं की मी पक्षाला 7,600 युरोंची देणगी दिली, पण ते पैसे माझे नव्हतेच. कालेव्ह लिल्लो या दुसऱ्या खासदाराने रोकड हातात ठेवली आणि ती मी आपल्या नावावर भरली. हे करायला सुचवलं कुणी, तर पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस मिखाल यांनी. आणि असं करणारा मी एकटा नव्हतो, हेही त्यांनी लिहून टाकलं. मिखाल आणि लिल्लो दोघांनीही आरोप साफ फेटाळले.

आता 7,600 युरो म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण पाच लाख रुपये. आपल्याकडच्या वाचकाला हसू येईल हे मला माहीत आहे. एवढ्यात आपल्याकडे नगरसेवकाच्या प्रचाराचे फ्लेक्ससुद्धा भागत नाहीत. पण गोम रकमेत नाही. एस्टोनियात 2004 पासून कंपन्यांना राजकीय पक्षांना देणगी देता येत नाही. देणगी द्यायची ती माणसाने, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने, आणि ती यादी सगळ्यांना बघता येते. म्हणजे नाव एकाचं आणि पैसा भलत्याचा असेल, तर सगळी व्यवस्थाच पोकळ ठरते. तो पैसा मुळात आला कुठून, हे आजवर समोर आलेलं नाही.

अडचण अशी की मिखाल तेव्हा न्यायमंत्री होते, आणि इथे सरकारी वकिलांचं कार्यालय न्याय मंत्रालयाच्याच अखत्यारीत येतं. ज्यांच्यावर संशय तेच खात्याचे प्रमुख. चौकशीत कुणी ढवळाढवळ केली असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पण मंत्रिमहोदयांनी पहिल्याच आठवड्यात बाजूला व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते झाले नाहीत. पंतप्रधान आन्द्रुस आन्सिप पाठीशी उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये पुराव्याअभावी प्रकरण बंद झालं. त्याच महिन्यात पक्षाने हकालपट्टी केली, ती कुणाची? मेइकार यांची!

इथे मात्र लोकांचं डोकं फिरलं. एरवी एस्टोनियन माणूस लिफ्टमध्येसुद्धा तोंड उघडत नाही. नोव्हेंबरात 'हार्ता 12' नावाचा जाहीरनामा निघाला, त्यावर 17 हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तेरा लाखांच्या देशात ही मोठीच गोष्ट. राष्ट्राध्यक्ष तोमास हेंड्रिक इल्वेस यांनी पक्षांचे लोक, अभ्यासक आणि चळवळीतली माणसं यांना राजधानी टालिनच्या काद्रिओर्ग भागातल्या, पूर्वी बर्फ साठवायच्या जुन्या तळघरात बोलावून एका टेबलाभोवती बसवलं. डिसेंबरमध्ये मिखाल यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी हान्नो पेव्हकुर आले.

तळघरातल्या त्या बैठकीतून पुढे 'राहवाकोगू', म्हणजे लोकसभा म्हणा हवं तर, उभी राहिली. लोकांनी इंटरनेटवर सूचना पाठवल्या, आणि एप्रिल 2013 मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडलेली सुमारे तीनशे सामान्य माणसं दिवसभर त्यांवर चर्चा करत बसली. बऱ्याच सूचना संसदेत जाऊन विरल्या. एक मात्र टिकली. आता हजार रहिवाशांनी सह्या केल्या की संसदेला तो विषय हातात घ्यावाच लागतो. वयाची अट फक्त सोळा.

हे प्रत्यक्ष कसं चालतं ते मी ऑफिसात पाहिलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने कॉफी पीतपीत ओळखपत्र कार्ड-रीडरमध्ये सरकवलं, आत शिरायला चार आकडी पिन टाकला, सहीसाठी पाच आकडी दुसरा, आणि झालं. मोर्चा नाही, झेरॉक्स नाही, तहसीलदार नाही. मी बघतच राहिलो आणि तो पुन्हा कोडकडे वळला.

मिखाल यांचं काय? ते 2015 मध्ये अर्थव्यवहार मंत्री म्हणून परतले. नोव्हेंबर 2016 मध्ये ते सरकार पडलं. जानेवारी 2017 मध्ये पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि हरले, तेही पेव्हकुर यांच्याकडून. राजकारणाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? 2023 मध्ये ते देशाचे पहिले हवामानमंत्री झाले आणि वर्षभराने पंतप्रधान. अंतुले सिमेंटच्या प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडून पुढे केंद्रात मंत्री झाले होते, हे ज्यांना आठवतं त्यांना या पुनरागमनाचं फारसं नवल वाटणार नाही.

मिखाल यांच्यावर कधीच काही सिद्ध झालं नाही, हे नोंदवायलाच हवं. पण डाग पडला नाही असंही नाही. पंतप्रधान झाले तेव्हा इथल्या बातम्यांत 2012 पुन्हा वर आलंच.

त्याच दिवसांत एकदा मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम सहकाऱ्याला छेडलं, की तुम्हाला हे चालतं कसं? त्याने खांदे उडवले. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. मूल्यवर्धित कर जानेवारीतच 20 वरून 22 टक्के झाला होता, आणि आता 2025 पासून मोटारींवर वार्षिक कर बसणार होता. तोवर एस्टोनियात असा कर नव्हताच. कराची रक्कम गाडीचं वजन, धूर आणि वय यांवर ठरणार. त्याच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे, सासुरवाडी साआरेमा बेटावर, आणि तिथे गाडी न्यायला बोट लागते. तो मोबाइलवर कराचा हिशेब मांडत होता आणि मधूनमधून पंतप्रधानांच्या नावाने जे काही पुटपुटत होता, त्यात देणगीचा उल्लेख एकदाही नव्हता.