वजन कुठंय?

गाडी पार्किंगमध्ये लावली, चावी काढली, की आपल्या लेखी ती झोपली. इंजिन गार होतं, दिवे मालवतात, बॅटरीलाही जरा उसंत मिळते. एकच खातं रात्रपाळीला असतं, ते स्प्रिंगांचं. साडेनऊशे किलोचं धूड जमिनीपासून वीतभर वर तोलून धरायचं, तेही आत कोणी बसलेलं नसताना आणि कुठे जायचं नसताना. खड्ड्यातल्या आपटीनं आधी बारीक तडा गेलेला असतो, पण पुष्कळदा स्प्रिंग खरी तुटते ती अशी उभ्या उभ्या, मध्यरात्री. ‘टण्ण’ असा आवाज होतो आणि सोसायटीचा वॉचमन टॉर्च घेऊन काय पडलं ते शोधत गच्चीपर्यंत जाऊन येतो.

आमची मागची डावी अशीच गेली. सकाळी गाडी त्या बाजूला किंचित कललेली दिसली. गतिरोधकावर खट्ट वाजायला लागलं. वाकून पाहिलं तर स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेढं अर्धं तुटून, स्प्रिंग ज्यात टेकते त्या बशीत पडलं होतं. तुटण्याची हमखास जागा तीच. खालच्या बशीत पावसाळाभर चिखल साचतो, वाळूचे कण घासून घासून रंग उडवतात आणि उघड्या पडलेल्या पोलादाला गंज बोचकारतो. कारखान्यात या तारेवर मुद्दाम पोलादी छऱ्यांचा मारा करतात. पृष्ठभाग त्यानं दाबून घट्ट होतो आणि सहसा तडकत नाही. पण गंजाचा एक खड्डा सगळ्या माऱ्यावर पाणी फिरवायला पुरतो. त्यात आमची गाडी दर मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन आठ दिवस खारा वारा खाऊन येणार.

गंमत अशी की वेढं तुटलं म्हणून स्प्रिंग ढिली पडत नाही, उलट ताठ होते. काम करणारी वेढी कमी झाली, की उरलेली जास्त अडून बसतात. गाडी खाली बसते आणि वर दणकेही जास्त मारते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या हेडक्लार्कसारखं हे वागणं आहे.

‘गॅरेजला टाक आणि मोकळा हो’ असं घरातलं मत होतं आणि ते शहाणपणाचंच होतं. पण शेजारच्या विंगेत एक काका राहतात. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत त्यांची उभी हयात गेली. त्यांनी वाकून पाहिलं, गुडघा धरून उठले आणि म्हणाले, “मागचीच आहे ना? मग काय! रविवारी काढू.”

या ‘मागचीच’ला फार अर्थ आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची स्प्रिंग आणि उसळी जिरवणारा शॉकअप एकात एक गुंफलेले असतात. ही मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची करणी. तिथली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच कोंडलेली असते, ती सोडवायला खास शिकंजा लागतो आणि तो सटकला तर समोरच्याचा जबडा जातो. ते काम घरी करू नये, असं माझं ठाम मत आहे आणि इथे मी कोणाशी वाद घालणार नाही. मागची बाजू साध्या मनाची. दोन चाकांना जोडणारा एक आडवा बीम, त्याच्यावर दोन बाजूंना दोन स्प्रिंगा आणि शॉकअप वेगळे उभे. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये असा बीम आला. स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून मग छोट्या गाड्यांच्या जगात तोच रुळला. बीम पुरेसा खाली उतरला की स्प्रिंग हातानं निघते.

मात्र तो खाली उतरवेपर्यंत काकांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. त्यांचा प्रश्न एकच होता आणि प्रत्येक पायरीला तोच: “वजन कुठंय?” पान्याला हात लावायच्या आधी उत्तर द्यायचं. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करायचे, कारण तेव्हा वजन चाकावर असतं आणि चाक फिरत नाही. मग जॅक. हँडब्रेक ओढलेला आहे म्हणून मी निर्धास्त होतो. काका म्हणाले, “हँडब्रेक मागच्या चाकांना. मागची चाकं हवेत. मग धरलंय कोणी?” पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लागले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये गेली. जॅकवर गाडी उचलायची, पण ठेवायची नाही, हे पुढचं कलम. दाराखालची जाड कड स्टँडवर टेकली, जॅक सैल केला, काकांनी गाडीला कमरेनं धक्का मारून पाहिला. “आता वजन?” “स्टँडवर.” “हां. आता घाल हात.”

पुढचा डाव जरा फसवा आहे. चाकं काढली की बीम लोंबकळतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आता स्प्रिंगवर काहीच भार नाही. असतो. शॉकअपनं बीमला धरून ठेवलेलं असतं आणि स्प्रिंग अजून थोडी दाबलेलीच असते. शॉकअपचा खालचा बोल्ट तसाच काढला तर बीम धाडकन खाली जातो आणि जाताना ब्रेकची नळी ताणतो. म्हणून बीमखाली जॅक, जरासा उचल, मग बोल्ट.

बोल्ट अर्थात सुटेना. आदल्या रात्री तेल मारून ठेवलं होतं, पान्याची गोटी बोल्टच्या डोक्यावर नीट बसली होती, पण आत गंजानं घर केलेलं. इथे सोसायटी गोळा झाली. ‘गरम करा’, ‘ठोका’, ‘कोकाकोला ओता’, ‘माझ्या मेव्हण्याचा माणूस आहे पिंपरीत’. बँकेतल्या एका साहेबांनी गाडी विकण्याचा सल्ला दिला. शेवटी पान्याला लांब नळी चढवली. करकरत बोल्ट फिरला तेव्हा पहिल्या मजल्यावरून एका लहान पोरानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाजूचा मुकाट सुटला, म्हणून त्याला प्रेक्षकही मिळाले नाहीत.

जॅक हळूहळू सैल केला आणि बीम उतरला. डावी स्प्रिंग थोडी हलवल्यावर हातातच आली. कारखान्यातून निघाल्यापासून हिच्यावरचं वजन आज पहिल्यांदाच पूर्ण उतरलं असणार. मी ती फरशीवर उभी केली तर डुगडुगून आडवी झाली.

चहा तेव्हाच आला आणि काकांचा पाट्यांचा विषयही. एसटी १९४८ सालची आणि काकांच्या हातून गेलेल्या गाड्या सगळ्या पाट्यांवरच्या. एकावर एक रचलेले लांब पोलादी पाटे, खालचा आखूड, वरचा लांब. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडरलाही मागे तेच. पाट्याचा मोठेपणा असा की तो दोन-तीन नोकऱ्या एकटा करतो. वजन तोलतो, आस जागेवर धरतो आणि पाट्यावर पाटा घासून उसळीही थोडी जिरवतो. म्हणूनच जुन्या बैलगाडीछाप बसा करकरायच्या. त्यातला एखादा मोडला तरी बाकीचे ओझं वाटून घेतात. मोडक्या पाट्याची गाडी वाकड्या कमरेनं डेपो गाठायची. “तुमची ही गोल एकटी,” काका बशीत चहा ओतत म्हणाले, “हिला भाऊबंद नाहीत.” शिवाय हिच्यात घर्षण जवळजवळ नाहीच, म्हणून बाजूला शॉकअप लागतो, नाहीतर एका खड्ड्यानंतर गाडी पुढच्या चौकापर्यंत नाचत जाईल.

पण गोलाईची बाजू मला घ्यायलाच हवी. वरून दाबलं की ही तार वाकते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती पिळली जाते. वेढी काढून मनातल्या मनात सरळ केली तर ती एक लांब सळई आहे, एक टोक धरून दुसरं पिळावं तशी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सगळी नोकरीच पिळाची. आणि हिशेबही कडक: तार दहा टक्क्यांनी बारीक झाली तर स्प्रिंगचा जोम सुमारे एक तृतीयांशानं उतरतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. बोटाएवढी तार बोटाएवढीच का, करंगळीएवढी का नाही, याचं उत्तर तिथे आहे.

नवी जोडी बसवली. जोडीच, कारण एकीकडे ताजी आणि एकीकडे दमलेली ठेवली तर गाडी तिरकी उभी राहते आणि वळणावर दोन बाजूंना दोन स्वभाव दाखवते. वरखालची रबरंही नवी. तारेचं टोक बशीतल्या खाचेला टेकलं पाहिजे, ते आरशात पाहून खात्री केली. बीम पुन्हा उचलला, शॉकअपचे बोल्ट घातले आणि मी जोर लावणार तेवढ्यात तोच प्रश्न आला. रबरी बुश, म्हणजे भोवती रबराची नळी, असलेला बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, नाहीतर जॅकच्या दोन पंपांनी बीम तेवढा उचलून. लोंबकळता आवळला तर बुश त्याच अवस्थेत जखडतो, मग गाडी खाली आली की जन्मभर मुरगळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बऱ्याच ठिकाणी हे करत नाहीत. वेळ कोणाला असतो?

गाडी उतरवून, चार हात मागेपुढे ढकलून टेप लावली, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत. डावी-उजवी सारखी. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७६ मध्ये एका पुस्तकात एका लॅटिन वाक्याची अक्षरं नुसती वर्णानुक्रमे छापून ठेवली होती, शोध आपल्या नावावर राहावा आणि कोणाला कळूही नये म्हणून. दोन वर्षांनी त्यानं कोडं सोडवलं: जितका ताण, तितका जोर. रद्दीवाल्याचा ताणकाटा यावरच चालतो आणि माझी टेपही एका अर्थी वजनच मोजत होती.

जुन्या स्प्रिंगा मी रद्दीत देणार होतो. काकांनी कानावर हात ठेवले. असलं पोलाद किलोवर विकायचं नसतं. ऊसतोडीचे कोयते बसच्या जुन्या पाट्यांचे करतात आणि पाट्याचा कोयता म्हटलं की गिऱ्हाईक धार न बघता पैसे मोजतं. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही सोलापूर रस्त्यावरच्या एका लोहाराकडे गेलो. त्यानं स्प्रिंग वाजवून पाहिली, तोंड वाकडं केलं. पाटा असता तर दोन कोयते दिले असते, म्हणाला. हे गोल सरळ करण्यातच कोळसा जाणार. छिन्न्या निघतील. बऱ्याच घासाघिशीनंतर चार छिन्न्या ठरल्या, त्यातली एक पाऊण इंची, काकांसाठी. मजुरी माझ्याकडून.