जुन्या डेस्कटॉपला रॅम किती आणि कोणती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांची कार्यालये असोत, कॉलेज रोडचे शिकवणी वर्ग असोत की ओळखीची घरे, मला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे: "दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप आहे, फार संथ चालतो, रॅम किती वाढवू?" रॅम म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता ठेवणारी मेमरी. माझे उत्तर बहुतेक वेळा ८ जीबी असते, तेही ४ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन, मात्र पैसे काढण्यापूर्वी दुखणे खरोखर रॅमचेच आहे ना, हे पाहून घ्यावे.

त्यासाठी महिनाअखेरीची नेहमीची कामे, म्हणजे टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये जीएसटीचे पोर्टल, एकाच वेळी उघडी ठेवून टास्क मॅनेजर, म्हणजे मेमरी आणि डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, बघावा. ४ जीबीपैकी जवळजवळ सगळी मेमरी भरलेली असेल आणि हार्ड डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज डिस्कवर हलवत आहे असे समजावे. येथे रॅमचा उपयोग होतो. मेमरी निम्मी मोकळी असून डिस्कच दमलेली दिसली, तर तेच पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान चिपांच्या डिस्कवर, खर्च करावेत. आणि विंडोज ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीची, असेल (आताची ६४-बिट असते), तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरपायी ३२-बिट विंडोज जपून ठेवलेली कार्यालये आपल्याकडे अजूनही आहेत, त्यांनी आधी तो गुंता सोडवावा.

त्यानंतर प्रश्न मदरबोर्डाचा, म्हणजे रॅम ज्यावर बसते त्या मुख्य बोर्डाचा. डीडीआर२, ३, ४ या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असल्या, तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर४ला २८८ पिना असतात. एच६१ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे) बोर्ड दोन स्लॉटांत १६ जीबीपर्यंत घेतात, तर त्याआधीच्या जी४१ची धाव ८ जीबीपर्यंतच. शिवाय जी४१चा डीडीआर३ बोर्ड असेल, तर ४ जीबीची पट्टी दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली बघून घ्यावी, कारण एकाच बाजूला आठ चिपा असलेली नवी पट्टी तो बहुधा ओळखत नाही.

माझा सर्वाधिक भरवसा पट्टीवरच्या लेबलावर असतो. जुनी पट्टी काढून सोबत न्यावी आणि महात्मा गांधी रोडवरच्या दुकानदाराने पुढे केलेली पट्टी तिच्याशेजारी धरून वाचावी. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३चा वेग, पीसी३-१२८०० म्हणजे १६००चा. या आकड्यानंतर 'यू' असेल तर ती साधी डेस्कटॉपची पट्टी. 'आर' असेल तर ती सर्व्हरमधून निघालेली, कितीही स्वस्त मिळाली तरी आपल्या बोर्डावर न चालणारी. ऑनलाइन फार स्वस्तात दिसणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांच्या वर्णनात बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असे लिहिलेले असते. इंटेलच्या संगणकासाठी त्या घेऊ नयेत.

वेगाची फार चिंता नको. १३३३ आणि १६०० एकत्र लावल्या, तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात, एवढेच. सारख्या दोन पट्ट्या घेतल्यास ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, लाभ मिळतो, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तो जाणवतो. १६ जीबीचा आग्रह मात्र मला पटत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. अशा यंत्रावर किती खर्चायचे यालाही मर्यादा हवी.

बसवताना वीज पूर्ण बंद करून केबल काढावी, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, स्लॉटमधली धूळ ब्रशने झटकावी आणि पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसून, दोन्ही बाजूंच्या खटक्या आवाज करून बसेपर्यंत ती सरळ दाबावी. चालू करताच बीपचा आवाज येत राहिला, तर पट्टी वाईट ठरवण्याआधी काढून पुन्हा बसवून पाहावी. संगणक सुरू झाल्यावर विंडोजमधली मेमरी तपासणी रात्रभर चालू द्यावी आणि ती निर्दोष पार पडेपर्यंत जुनी पट्टी दुकानदाराला बदल्यात देऊ नये.