लाकडाचा बॉयलर घेताना आधी टाकीचा हिशेब

घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकडावरचा बॉयलर घ्यायचा ठरला, तेव्हा मी सुरुवात माहितीपत्रकांतल्या किलोवॅटपासून केली. ती बाजूला ठेवून आधी बॉयलरची उष्णता साठवणाऱ्या पाण्याच्या टाकीचा हिशेब मांडला आणि मग निवड सोपी झाली.

लाकूड एकदा पेटलं की आपल्या गतीने जळतं. घराला ३ किलोवॅट हवेत म्हणून २५ किलोवॅटच्या भट्टीची हवा कोंडली, तर ते धुमसतं. न जळलेले वायू धुराड्यात गार होऊन डांबरासारखे चिकटतात आणि पुढे त्याच थराला आग लागते. टाकी असली की जाळ पूर्ण फुलू देता येतो. उष्णता पाण्यात साठते आणि घर ती सावकाश घेतं.

म्हणून टाकीचं माप घरावरून नाही, भट्टीच्या एका भरण्यावरून काढावं. मी पाहिलेल्या बॉयलरची भट्टी १२० लिटरची, त्यात साधारण ३५ किलो वाळलेलं लाकूड मावतं. किलोमागे ४ किलोवॅट-तास, कार्यक्षमता ८७ टक्के, म्हणजे एका भरण्यात सुमारे १२० किलोवॅट-तास. हा जाळ पाच तास चालतो. सौम्य थंडीत घर तेवढ्या वेळात १५ घेतं, उरलेले १०५ टाकीत मावलेच पाहिजेत.

एक लिटर पाणी एक अंशाने तापायला १.१६ वॅट-तास लागतात. इथे रेडिएटरचा, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या पत्र्यांचा, प्रश्न येतो आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. जमिनीखालच्या नळ्यांना ३५ अंशांचं पाणी चालतं, त्यामुळे ८५ ते ३५ असे ५० अंश वापरता येतात आणि १,८०० लिटर पुरतात. छोट्या, जुन्या रेडिएटरना ६० अंशांच्या खालचं पाणी उपयोगाचं नसेल, तर हाती २५च अंश उरतात आणि त्याच लाकडाला ३,६०० लिटर लागतात. टाकी वाढवण्यापेक्षा रेडिएटर मोठे करणं मला जास्त पटलं. हाताने लाकूड घालायच्या बॉयलरसाठी जर्मनीच्या नियमात भट्टीच्या प्रत्येक लिटरमागे १२ लिटर पाणी आणि किलोवॅटमागे किमान ५५ लिटर सांगितले आहेत. माझ्या मापाला त्यानुसार १,४४० लिटर पुरले असते, पण तो किमान आकडा. मी १,००० लिटरच्या दोन टाक्या घेतल्या. उंच आणि अरुंद, कारण गरम पाणी वर आणि गार खाली असे थर त्यातच टिकतात. दाराची रुंदी मात्र आधी मोजा. दोन टन पाण्याचं वजन जमीन पेलेल का, हेही बघा.

परतीचं पाणी ६० अंशांपेक्षा गार असताना बॉयलरमध्ये शिरलं तर धुरातली वाफ पत्र्यावर घामासारखी साचते, त्यातलं आम्ल पत्रा खातं. त्यासाठी गरम पाणी मिसळणारा चार्जिंग व्हॉल्व्ह लागतो. खर्च वाचवायचा म्हणून हा कधीही गाळू नये.

तापलेल्या पाण्याला फुगायला लागणारी जागा सर्वांत जास्त विसरली जाते. १० वरून ९० अंशांपर्यंत पाणी साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त फुगतं. टाक्या आणि बाकीची यंत्रणा मिळून एकूण २,२०० लिटरला जवळपास ८० लिटर. हे वाढलेलं पाणी ज्या दाबाच्या बंद टाकीत जातं, तिची बरीच जागा हवाच व्यापते, म्हणून मला ३०० लिटरची एक्स्पान्शन टाकी बसवावी लागली. बॉयलर आणि दाब वाढला की उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही बंद करता येणारा नळ ठेवायचा नाही.

वीज गेली की पंप थांबतो, जाळ थांबत नाही. ९५ अंशांच्या आसपास गार पाणी सोडून बॉयलर निववणारा वेगळा सुरक्षा-व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो. पण घराचं पाणीच विजेच्या पंपावर येत असेल तर ऐन वेळी तो कोरडा! अशा घरी उंचावरच्या टाकीतून त्याला वेगळी नळी द्यावी.

लाकूड वाळलेलं हवं, हे सगळेच सांगतात. मोजताना ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजणारा मीटर टोचा. बाहेरची साल नेहमी कोरडीच दाखवते.

टाकीवर वर, मध्ये आणि खाली असे तीन तापमापक लावले आहेत. जाळ चालू असताना तिन्ही सारखे चढू लागले की पंप जास्त वेगाने चालतोय आणि थर मोडताहेत. खालचा काटा ६०च्या वर असेल तर भट्टी भरत नाही. वरून पाणी कितीही गरम असो, नव्या १२० किलोवॅट-तासांना खाली जागा उरलेली नसते.